नखाने खुडलेली वेल

वेलीचा तुकडा चाकूने कापलाय की नखाने खुडलाय, हे मला दहा फुटांवरून कळतं. चाकूचा काप तिरका आणि साफ असतो. नखाचा काप चेचलेला असतो आणि कडेला सालीचा धागा लोंबत राहतो. ठाण्यात सव्वीस वर्षं नर्सरी चालवल्यावर माणसाला दुसरं काही नाही तरी एवढं समजायला लागतं. माळी चाकू वापरतो, चोर नख वापरतो. आणि मनीप्लँटच्या बाबतीत चोर म्हणजे कोण, तर चांगल्या घरची, हातात पर्स असलेली, तुमच्यामाझ्यासारखी बाई.

आता नाही म्हणू नका. मनीप्लँट चोरून लावला तरच घरात भरभराट होते, विकत घेतला तर रुसतो, कोणी हाताने दिला तर जगत नाही, हे तुम्हीसुद्धा ऐकलेलं आहे. कुठल्या पोथीत लिहिलंय, म्हणून विचारलं तर सगळे गप्प. पण पाळतात मात्र एकादशीपेक्षा कडक. मी तुळस विकली, गुलाब विकले, शोभेची झाडं विकली. पण मनीप्लँटची कुंडी पुढे केली की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं, जसं मी त्याला नळाचं पाणी विकत देतेय.

आमची नर्सरी खोपटला, एसटी डेपोपासून चार पावलांवर. जागा हिराबायची. ही इथली जुनी कोळीण, बाजारात मासे विकायची. घरामागची पट्टी रिकामी होती, ती मला दिली आणि वर मासे धुतलेलं पाणी झाडांना फुकट. त्या पाण्याने झाडं अशी तरारायची की विचारू नका. वासाचं काय, गिऱ्हाइकाला सवय होते.

पण विक्रीवर पोट भरत नव्हतं. माझा खरा धंदा झाडं भाड्याने देण्याचा. वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांना रिसेप्शनला, साहेबांच्या केबिनला हिरवं काहीतरी लागायचं आणि सांभाळायला वेळ कोणाकडेच नसायचा. मग आम्ही टेम्पोत कुंड्या भरायच्या आणि दर दुसऱ्या सोमवारी जुन्या परत आणून ताज्या ठेवायच्या. केबिनमधून परत आलेलं झाड म्हणजे आजारी माणूस. त्याला पंधरा दिवस उजेडात ठेवायचं, नीट पाणी द्यायचं, माणसात आणायचं, की पुन्हा ड्यूटीवर. कुंड्यांत काय काय सापडायचं! विड्यांची थोटकं, टाचण्या, आणि चहा तर हमखास. एकदा एका साहेबांच्या केबिनमधल्या कुंडीत दातांची कवळी सापडलेली. मी ती धुतली, कागदात गुंडाळली आणि काही न बोलता रिसेप्शनवर ठेवून आले. पुढच्या खेपेला गेले तर तेच साहेब आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले, अगदी सगळे दात दिसतील असे.

तर असाच एका कंपनीतून फोन आला. आमच्याकडे फोन कुठला, शेजारच्या वाण्याकडे यायचा. रविवारी सकाळी टीव्ही लागला की सगळं ठाणं घरात बसायचं ते दिवस. दिवाळी तोंडावर आलेली आणि त्या कंपनीत रंगकाम चाललेलं. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुमचं झाड खराब झालंय. आत्ताच्या आत्ता न्या."

गेले. रिसेप्शनला काथ्याच्या काठीवर चढवलेला माझा साधा हिरवा मनीप्लँट, आणि त्याच्या शेंड्याच्या दोन पानांवर पांढरा रंग. रंगारी मनुष्य फडकं घेऊन माझ्यावरच उखडला.

"तीनदा पुसलं बाई! साबण लावला, थिनर लावला. आपला डिस्टेंपर आहे, पाण्याने जातो. तुमच्या पानातच खोट आहे."

"थिनर लावलात? पानाला?"

"मग काय लावू? पावडर?"

थिनर लागलेलं पान घरी येईपर्यंत करपलंच. दुसरं मीही येडपटासारखं रिठ्याच्या पाण्याने घासत बसले. पांढरा काही निघेना. मग उजेडाकडे धरून बघितलं आणि हात थांबला. पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूला हिरवंगार, दुसऱ्या बाजूला दुधासारखं पांढरं, सरळ रेघ मारल्यासारखं. पांढऱ्या बाजूवर मोहरीएवढे हिरवे ठिपके. आणि खाली देठाजवळून वेलीच्या दांड्यावर एक पांढरी रेघ वर चढत गेलेली. रंगबिंग काही नव्हता. झाड स्वतःच्या मनाने तसं झालं होतं.

आमचे हे वागळे इस्टेटमध्येच फिटर. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "मशीनमधून असा पीस निघाला तर आम्ही रिजेक्ट करतो."

"म्हणूनच तुमच्या कंपनीतून कधी नवीन काही निघत नाही," मी म्हटलं. त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ जास्त लागलं, ते मुद्दाम नव्हतं.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. अशा दुरंगी झाडाला आमच्या धंद्यात व्हेरिगेटेड म्हणतात. पानाचा हिरवा भाग स्वयंपाक करतो, म्हणजे उजेड घेऊन झाडाचं अन्न बनवतो. पांढरा भाग नुसता जेवायला बसतो. दिसायला देखणा, कामाला शून्य. असं झाड क्वचित आपोआप निपजतं, आणि त्याची वाढ करायची म्हणजे नशिबाचा खेळ. वेलीला पेरापेरावर एक डोळा असतो, त्यातून नवीन फुटवा येतो. पांढरी रेघ डोळ्यातून गेलेली असेल तर फुटवा दुरंगी. रेघ बाजूने गेली तर पुन्हा साधा हिरवा, आणि तुमची मेहनत पाण्यात. मी भिंग घेऊन दांडा बघायची. हिराबाय म्हणायची, "अगो, कोलंबी सोलताना पन एवढा कोन बघत नाय."

दोन वर्षं मी ती वेल पोरासारखी वाढवली. ठाण्यात दर जानेवारीत फुलझाडांचं प्रदर्शन भरायचं. त्यात नवीन जातीचा एक विभाग, आणि तिथे जातीला नाव द्यायचं असे. नाव मी पहिल्या दिवशीच ठरवलेलं: कुसुम.

कुसुम म्हणजे मीच. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'वैशाली' लिहिलं आणि कुसुम तिथेच संपली. वैशाली वाईट नाही, तक्रार नाही. पण आईबाबा गेल्यावर मला कुसुम म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं. निदान एका वेलीला तरी म्हणतील, असं मला वाटायचं. हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

आणि तेवढ्यात चोऱ्या सुरू झाल्या.

बायका यायच्या, तासभर हिंडायच्या, एक तुळस घ्यायच्या, आणि त्या गेल्या की माझी वेल एका पेराने आखूड. मी पाटी लावली, 'वेलीला हात लावू नये.' दुसऱ्या दिवशी पाटीवर लोंबणारा शेंडाच गायब. मी वेल काउंटरमागे नेली, तर लोक सुट्टे मागायचे आणि मी खाली वाकले की खुट्‌. शेवटी चौकीत गेले. हवालदार भले होते, पण त्यांची पंचाईत झाली.

"मुद्देमाल काय लिहू?"

"वेलीचे तुकडे. अर्धं पान पांढरं."

"चोरीला गेलेली पानं ओळखाल?"

"हजारात!"

ते बिचारे जागा बघायला आले. वेल निरखली, माप घेतलं, डायरीत लिहिलं, चहा घेतला. ते गेल्यावर मी मोजलं तर अजून एक पेर कमी. नखानेच खुडलेलं. आता तक्रार कोणाकडे करायची, सांगा!

त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. प्रत्येक गिऱ्हाईक मला चोर दिसायला लागलं. आणि त्यातच लिमयेबाई सापडल्या.

लिमयेबाई डोंबिवलीच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. महिन्यातून एकदा एसटीने यायच्या. पांढरी सुती साडी, भलामोठा अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. झाडाकडे एक डोळा मिटून बघायच्या आणि घ्यायच्या मात्र एखादंच रोप. वेलीसमोर तर पाव तास उभ्या राहायच्या. त्या दिवशीही राहिल्या. नंतर मी बघते तर शेंड्याखालचं उत्तम पेर गेलेलं, आणि काप ओला. बाई फाटकापर्यंत पोचलेल्या.

"बाई, थांबा! पर्स उघडा."

पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी वळून बघायला लागली. बाईंनी पर्स उघडली आणि माझ्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. चष्म्याचं घर, रुमाल, एसटीचं तिकीट, पेन्सिलीचा तुकडा आणि आलेपाकाची पुडी. वेलीचं पान नाही, देठ नाही, काही नाही.

"आता उघडलीच आहेस तर एक वडी घे," त्या म्हणाल्या. "घसा बसलाय तुझा, ओरडून ओरडून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती वडी मी खाल्लीसुद्धा, नाही म्हणायचं सुचलंच नाही. बाई वस्तू भरून निघून गेल्या आणि परत कधी आल्या नाहीत. इतकी वर्षं धंदा केला, पण एवढा पाजीपणा मी दुसरा केलेला नाही. कित्येक दिवस आल्याचा वास आला की मान खाली जायची.

आता माझी दुसरी अक्कल ऐका. चोर हात साफ करायच्या आत आपणच रोपं करू, म्हणून मी मोठी वेल कापून टाकली. आणि कापताना निवडली कुठली पेरं? सगळ्यात पांढरी. जितकं पांढरं तितकं दुर्मिळ, तितकं देखणं, असा माझा हिशेब. ज्यांच्यात हिरवा जास्त, ती पेरं हलकी समजून भाड्याच्या कुंड्यांत लावली आणि वागळे इस्टेटला पाठवली. पांढरी रोपं काचेखाली ठेवली. तीन-चार महिने अशी दिसली, जशी चांदीची भांडी घासून मांडलीत. मग एकेक करून कडेने तपकिरी झाली आणि बसली. बसतील नाही तर काय! घरात सगळे जेवणारे, चूल पेटवणारं कोणीच नाही. जे मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगायची, तेच मला कळलं नाही. इस्टेटमधली केबिनच्या अंधारात चहा पिऊन पिऊन ठार हिरवी झाली. आणि जुन्या खुंटाला खालच्या डोळ्यातून फुटवा आला, तोही साधा हिरवा. रेघ तिथपर्यंत उतरलीच नव्हती.

प्रदर्शनाचा अर्ज भरून झाला होता. नाव: कुसुम. आणि शेवटचं रोप माझ्या हातात गळून पडलं. मी कुंड्यांमध्ये बसून भोकाड पसरलं.

हिराबाय टोपली ठेवून आली. "कनाला रडतेस गो बाय?"

"माझी वेल संपली, हिराबाय. जगात एक होती, ती मीच मारली."

"संपली कशी? मी कालच बघितली की. डोंबिवलीला माजे लेकीच्या समोरच्या बिल्डिंगीन, तिसऱ्या माळ्यावर. गॅलरीभर लोंबते."

"माझी? अर्धी पांढरी?"

"तुजीच. चोरलेली हाय म्हनून जगलीय ती."

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला गेले. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं पाठ केलेली. खालून बघितलं आणि सगळी विसरले. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून माझी वेल दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेली, पान न्‌ पान अर्धं हिरवं, अर्धं पांढरं. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले, बेल दाबली, आणि मग दारावरची पाटी वाचली. लिमये.

पळून जावं असं वाटलं, पण दार उघडलं. तीच पांढरी साडी, तोच अंबाडा.

"तू? ये. पर्स आतल्या खोलीत आहे, आणू का?"

मी तिथेच वाकले आणि पाय धरले. "बाई, चुकले हो. तुमच्यावर आळ घेतला. ही वेल तुम्हाला कोणीतरी दिली असणार, मला माहीत आहे..."

"दिली कोण? चोरली मी," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी. ऊठ, पाय सोड, पडेन मी."

"पण पर्स तर..."

बाईंनी अंबाड्यावर हात ठेवला. "इथे होती. गजऱ्याखाली. पर्स लोक उघडायला लावतात, हे मला शाळेतल्या पोरींमुळे ठाऊक होतं."

मी दीड वर्ष झुरत होते हो! दीड वर्ष आलेपाक खाल्ला नाही! राग यावा की हसू, कळेना, आणि आलं ते हसूच. बाईही हसायला लागल्या. दोघी दारातच भिंतीला टेकून हसत होतो. समोरच्या दारातून एक गृहस्थ बघून गेले.

मग गॅलरीत बसलो. मी विचारलं, "बाई, तुमची कशी टिकली? माझी सगळी मेली."

"सगळं पांढरं फुटलं की मी खुडून टाकते. कोरा कागद काय बघायचा? सगळं हिरवं फुटलं तरी टाकते. दोन्ही रंग असले तर चित्र."

एवढंच. मी भिंग घेऊन दोन वर्षं जे करत होते, ते ह्या बाईने नुसतं चांगलं दिसतं म्हणून केलं, आणि बरोबर केलं. मी प्रदर्शनाचं सांगितलं. नावाचंही सांगितलं.

"कुसुम कोण?"

"मी. लग्नाआधीची."

बाईंनी एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. मग मी हळूच म्हटलं, "एक तुकडा द्याल का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दिलेला जगत नाही." आणि उठल्या. "मी चहा टाकते. साखर कुठे ठेवलीय आठवत नाही. शोधायला पाच मिनिटं तरी लागतील."

आत गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून मोठ्याने डबे वाजवायला लागल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी चोरी केली, तीही स्वतःच्याच वेलीची. चाकू पिशवीत होता. पण मी तो काढला नाही. तीन पेरं निवडली, रेघ डोळ्यातून जाते की नाही ते बघून, आणि नखाने खुडली. पिशवीत टाकणार, तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या.

"पिशवीत नको गं, चेंगरेल. इकडे ये." त्यांनी मला पाटावर बसवलं, माझ्या वेणीचा कसाबसा अंबाडा घातला, तिन्ही तुकडे त्यात खोचले आणि स्वतःच्या केसांतले दोन आकडे काढून लावले. डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जा आता, कुसुम."

चहा तसाच राहिला.

निघताना बाईंनी एक पुठ्ठ्याची पट्टी दिली. तिच्यावर टाकाने, शाळेच्या फळ्यावर असतं तसं सुरेख अक्षर: कुसुम. प्रदर्शनात मी बाटलीत दोन पानांची एक फांदी ठेवली आणि शेजारी ती पट्टी. पहिल्या दिवशी लोक वाकून बघून गेले. दुसऱ्या दिवशी बाटलीत नुसतं पाणी आणि शेजारी पट्टी. संयोजक हात जोडत आले. "वैशालीताई, काय बोलू, शरम वाटते."

"अहो, शरम कसली," मी म्हटलं, "जगेल आता."

घरी दोन पेरं मुळं धरून होती ना, म्हणून एवढा मोठेपणा. बक्षीस एका झेंडूला मिळालं. लिमयेबाईंना कळवलं, तर त्यांनी पोस्टकार्ड धाडलं: 'माझ्याकडून नेणाऱ्यांना मी आता नाव सांगते. चोरा, पण नाव लक्षात ठेवून चोरा.' ते कार्ड माझ्याकडे आहे. बाई नाहीत आता.

पुढे काही वर्षांनी हिराबायची जागा इमारतीत गेली आणि मी नर्सरी वागळेकडे हलवली. त्या सुमाराला भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही कल्याणला गेलेलो. घर पूर्ण अनोळखी. मला वैशालीमावशी म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलेलं. पोहे झाले, पत्रिकेचं बोलणं झालं, आणि माझी नजर खिडकीकडे गेली. गजांना धरून एक वेल वर चढत होती. अर्धं पान हिरवं, अर्धं पांढरं, मोहरीएवढे ठिपके.

मुलाची आई माझ्याकडे बघत होती. "आवडली? ही कुसुम," ती म्हणाली. "कुठून आणली ते मात्र विचारू नका हं."

माझे डोळे भरून आले आणि भाचीच्या लग्नाच्या बोलण्यात मावशी का रडतेय ते कोणाला कळेना. आमचे हे घाबरून पाणी मागायला लागले. त्या बाईने मात्र क्षणभर माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या कपबशा उचलल्या, आणि आत जाता जाता म्हणाली,

"बसा हं तुम्ही. दुसरा चहा टाकते. साखर शोधायला जरा पाच मिनिटं लागतील."